पैकाका आणि इलेक्ट्रॉन

प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीत एक पैकाका असतात. नसले, तर त्या सोसायटीचा ताळेबंद कुणी वाचतच नाही, असं खुशाल समजावं. वार्षिक सर्वसाधारण सभा संपत आलेली असते, बटाटेवड्यांचा वास हॉलभर पसरलेला असतो, अध्यक्ष "आयत्या वेळचे विषय काही?" असं म्हणून उत्तराची वाट न पाहता माइक खाली ठेवणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बारीक पण चिवट आवाज येतो, "पान चार. किरकोळ खर्च, सदतीस रुपये साठ पैसे. याची फोड मिळेल का?" सगळा हॉल एकदमच सुस्कारा सोडतो. वडे थंड होतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे चार लाख त्याआधी दोन मिनिटांत मंजूर झालेले असतात आणि त्याबद्दल पैकाकांनी हूं की चूं केलेलं नसतं. विचारलं तर म्हणतात, "चार लाखांवर पंधरा जणांचे डोळे आहेत हो. साठ पैशांना कोण वाली आहे?"

पैकाका कंजूष असतात, हा लोकांचा गैरसमज. कंजुषाला पैसा हवा असतो, पैकाकांना पैशाचा ठावठिकाणा हवा असतो. आमच्या पैकाकांना वाण्यानं चुकून एक रुपया जास्त दिला, तर भर पावसात छत्री घेऊन ते तो परत करायला जातात, आणि वाणी "राहू द्या हो काका" म्हणाला तर त्याच्याशी भांडतात. कारण तो रुपया खिशात राहिला, तर रात्री वहीतली शिल्लक आणि डब्यातली शिल्लक जुळणार नाही. शिल्लक जुळली नाही, तर काका झोपणार नाहीत. आणि काका झोपले नाहीत, तर काकूंना झोपू देणार नाहीत.

दारावर त्यांच्या खऱ्या नावाची पितळी पाटी आहे, पण ती फक्त पोस्टमन वाचतो. आमच्या वयाच्या लोकांचे ते पैकाका, पोरांचे पैआजोबा. अर्थात हे सगळं पाठीमागे. अंगकाठी किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं: निळं लिहायला, लाल खूण करायला. काखेत लांब अरुंद वही. ३० जून २०११ पासून पावली चलनातून गेली, तेव्हा बाकीच्या पुण्यानं ती बातमी वाचली आणि पान उलटलं. पैकाकांनी घर झाडून अकरा पावल्या काढल्या आणि मुदतीच्या आत बँकेत नेल्या. दहाच बदलल्या. अकरावीचे सुटे द्यायला कॅशियरकडे पावलीच होती.

त्यांची उमर एका सहकारी बँकेच्या हिशेब खात्यात गेली, तीही संगणक यायच्या आधीच्या काळात. तेव्हा सहामाहीच्या तेरजेला रात्र रात्र जागावं लागे. फरकाला नवानं नि:शेष भाग गेला, की कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत, हे पैकाका खतावणी न उघडता सांगत. एका मार्चअखेरीला फरक आला अकरा पैशांचा. मॅनेजर म्हणाले, "नगण्य आहे हो, टाका सस्पेन्सला आणि घरी चला." सगळे घरी गेले. पैकाका बसले. पहाटे सापडलं, की एका खात्याला अठरा हजार जास्त लागले होते आणि दुसऱ्याला जवळपास तेवढेच कमी. दोन हत्ती एकमेकांच्या आड उभे होते आणि बाहेर फक्त अकरा पैशांचं शेपूट दिसत होतं. तेव्हापासून त्यांचे दोन सिद्धान्त आहेत. एक: छोटा फरक हा छोटाच असतो, असं समजू नये. दोन: ताळा जुळला म्हणजे हिशेब बरोबर आहे, असंही समजू नये. आणि 'नगण्य' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारू नये, हा काकूंचा तिसरा.

तो शब्द आमच्या कन्येनं उच्चारला. तिची चूक नव्हती. आठवीच्या सामान्य विज्ञानात 'अणूचे अंतरंग' नावाचा धडा आहे आणि परीक्षा जवळ आली, की ती जिन्यात फेऱ्या घालत पाठांतर करते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन केंद्रकात असतात, त्यांची संख्या मिळवली की अणुवस्तुमानांक मिळतो, इलेक्ट्रॉन केंद्रकाबाहेर असतात आणि त्यांचं वस्तुमान नगण्य असतं, असं तालासुरात चाललं होतं. पैकाका रद्दीचा गठ्ठा घेऊन खाली निघाले होते. ते तिसऱ्या पायरीवर थांबले.

"कोण म्हणतं नगण्य?"

"पुस्तक म्हणतं, आजोबा."

"उदाहरण सांग बघू."

"सोडियम. अकरा प्रोटॉन, बारा न्यूट्रॉन. अणुवस्तुमानांक तेवीस."

"इलेक्ट्रॉन किती?"

"अकरा."

"ते कुठे धरले?"

"धरत नाहीत."

पैकाकांनी गठ्ठा पायरीवर ठेवला. "म्हणजे चौतीस जण हजर आणि मस्टरवर तेवीस! हे चालवून कसं घेतात तुमचे सर?"

कन्येनं जे होतं ते सांगितलं. इलेक्ट्रॉन फारच हलका. प्रोटॉनचे १८३६ भाग करावेत, त्यातल्या एका भागाइतका. न्यूट्रॉन तर प्रोटॉनपेक्षाही किंचित जड. या दोघांपुढे त्याला कोण विचारतो? पैकाकांनी "किंचित म्हणजे किती?" हा प्रश्न तात्पुरता गिळला आणि वहीत लिहून घेतलं: एक बटा १८३६. रद्दीवाला त्या दिवशी तसाच गेला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या इमारतीत अणुयुग अवतरलं. इलेक्ट्रॉनचं किलोतलं वजन पैकाकांनी कुठूनतरी मिळवलं. घातांकात लिहायला त्यांचा विरोध, कारण घातांक म्हणजे शून्यं लपवण्याची सोय. त्यांनी आख्खं वजन वहीत मांडलं: दशांशचिन्ह, मग तीस शून्यं, मग ९१०९. दर पाच शून्यांनंतर लाल पेनानं एक बारीक रेघ, म्हणजे मोजताना चूक व्हायला नको. मग त्यांनी घरातल्या वस्तूंकडे मोर्चा वळवला. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये साडेचार ग्रॅम नुसते इलेक्ट्रॉन निघाले. साठ किलोच्या माणसात अठरा ग्रॅम. हा आकडा पैकाकांना स्वतःलाच जरा लागला. "म्हणजे माझे सगळेच्या सगळे इलेक्ट्रॉन पाच रुपयांच्या टपालात जातील की!" ते म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "पत्ता सांगा, मी टाकून येते."

सगळ्यात मोठा प्रसंग लक्ष्मी रोडवर झाला. काकूंच्या जुन्या पाटल्या मोडून नव्या करायच्या होत्या. मला गाडी चालवायला म्हणून नेलं होतं, म्हणून हे मी प्रत्यक्ष पाहिलं. सराफाच्या काचेच्या पेटीत तीन दशांश स्थळं दाखवणारा काटा होता आणि पैकाका त्या काट्याकडे, दुसरी माणसं गणपतीकडे बघतात, तसे बघत होते.

"एक विचारू का?" ते काउंटरवरच्या पोराला म्हणाले. "तुमच्या सोन्यात इलेक्ट्रॉन किती?"

"काका, आपला सगळा माल हॉलमार्कचा आहे," पोरगा म्हणाला. "त्यात इलेक्ट्रॉन-बिलेक्ट्रॉन काही मिसळत नाही आपण."

"मिसळत नाही कसं? प्रत्येक अणूत एकोणऐंशी आहेत!"

पोराचा चेहरा उतरला. शेजारच्या गिऱ्हाइकानं हातातलं मंगळसूत्र हळूच ट्रेमध्ये ठेवलं. आतून मालक आले. "कुणी तपासून सांगितलं तुम्हाला? कुठल्या लॅबमध्ये निघालं?"

"केंब्रिजला. १८९७ साली. जे. जे. थॉमसन."

मालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "तेव्हा आपलं दुकान नव्हतं," ते म्हणाले.

मग पैकाकांनी वही उघडून हिशेब दाखवला. सोन्याचा अणुवस्तुमानांक १९७, त्यात ७९ प्रोटॉन, ११८ न्यूट्रॉन. एकोणऐंशी इलेक्ट्रॉन या आकड्यात कुठेच नाहीत. दहा ग्रॅम शुद्ध सोन्यात त्यांचं वजन भरतं २.२ मिलिग्रॅम. "तुमचा काटा एक मिलिग्रॅम दाखवतो. म्हणजे तुमच्या काट्याला जे दिसतं, ते पुस्तकाला दिसत नाही. हिशेबाला सोपं जावं म्हणून तोळ्याला लाख रुपये धरा. बावीस रुपये होतात. घट धरताना हे बावीस रुपये कुणाच्या खात्यावर जातात?"

मालक व्यापारी माणूस. त्यांनी काकूंकडे एक सहानुभूतीचा कटाक्ष टाकला आणि म्हणाले, "काका, मजुरीत बावीस रुपये कमी करतो, मग तर झालं?"

"सूट नको मला," पैकाका म्हणाले. "नोंद हवी."

परतीच्या वाटेवर काकू कुणाशी बोलल्या नाहीत.

हा गुंता शेवटी कन्येनंच सोडवला. पैकाका आमच्याकडे चहाला आले होते आणि अणुवस्तुमानांकावर त्यांचं तेच चाललं होतं. ती वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "आजोबा, सहलीला जाताना बाई बसमधली मुलं मोजतात, वजन नाही करत. अणुवस्तुमानांक म्हणजे केंद्रकातली डोकी. इलेक्ट्रॉन केंद्रकात नाहीतच, तर मोजणार कसे? ते हलके असोत नाहीतर हत्तीएवढे. आणि त्यांची मोजणी अणुअंकात झालेली असतेच ना. जितके प्रोटॉन, तितके इलेक्ट्रॉन."

पैकाका कप हातात धरून थबकले. मोजणी आणि वजन ही दोन वेगळी रजिस्टरं आहेत, हे ज्याला कळत नाही तो हिशेबनीसच नव्हे. नोटा मोजल्या तर पूर्णांकच येणार. पावणेतीन नोटा कुणाच्या हातात येत नाहीत. म्हणून अणुवस्तुमानांक कायम पूर्णांक. मग पोरीनं आणखी एक भर घातली: वजन म्हणून धरायचं ठरवलं, तरी इलेक्ट्रॉनांनी तो आकडा हलणार नाही. एका प्रोटॉनएवढं वजन व्हायला १८३६ इलेक्ट्रॉन लागतात आणि आजवर माहीत असलेल्या सगळ्यात भारी मूलद्रव्यात, ओगानेसॉनमध्ये, आहेत ११८. म्हणजे एका प्रोटॉनच्या वजनाचा पंधरावा हिस्सासुद्धा नाही.

दुसरा कुणी इथे थांबला असता. पैकाका म्हणाले, "ठीक. मोजणीचं रजिस्टर मंजूर. आता वजनाचं दाखवा."

वजनाचं रजिस्टर माझ्या भाच्याकडे होतं. तो हैदराबादला एका औषध कंपनीत मास स्पेक्ट्रोमीटरवर काम करतो. रेणूचं वजन दशांशाच्या चार-पाच स्थळांपर्यंत काढायचं, हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा. तो शनिवारी आमच्याकडे आला. त्याच्याजवळ अणूंच्या वजनांचा छापील तक्ता होता, तो त्यानं पैकाकांना दिला. तिथेच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

रविवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात पैकाका, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी माणशी आख्खा पेढा दिला, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

"जुळलं!" ते म्हणाले. "युरेनियम-२३८. मोजणी दोनशे अडतीस. तक्त्यातलं वजन २३८.०५०८. वरचे ०.०५०८ कुणाचे? इलेक्ट्रॉन ब्याण्णव. प्रत्येकी ०.०००५४९. गुणाकार करा. ०.०५०५! इलेक्ट्रॉनांचं वजन सापडलं. जातोय शेवटच्या घरात तीनाचा फरक, तो मी बघतो."

भाच्यानं पेढा तोंडात टाकला होता, तो तसाच राहिला. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "मामा, आकडे बरोबर आहेत. उत्तर साफ चूक आहे. पण इतकं सुंदर जुळलंय, की सांगवत नाही."

सांगायची वेळ आली नाही. पैकाकांचा दुसरा सिद्धान्त त्यांच्याच कामी आला. ताळा जुळला म्हणजे हिशेब बरोबर आहे असं समजू नये, म्हणून घरी जाऊन त्यांनी दुसरं खातं तपासायला घेतलं. कार्बन-१२. सहा प्रोटॉन, सहा न्यूट्रॉन, मोजणी बारा. तक्त्यातलं वजन १२.००००. सहा इलेक्ट्रॉनांचे ०.००३३ कुठे आहेत? कुठेच नाहीत. ऑक्सिजन-१६ काढला: १५.९९४९. मोजणीपेक्षाही वजन कमी! लोह-५६: ५५.९३४९. पैकाका चप्पल न घालता वर आले.

"इथे कुणीतरी पैसे काढतंय," ते म्हणाले.

भाच्यानं मग वही मागून घेतली आणि पैकाकांच्याच पद्धतीनं जमाखर्च मांडला. आधी कार्बन. जमा बाजूला सहा प्रोटॉन, प्रत्येकी १.००७२७६. सहा न्यूट्रॉन, प्रत्येकी १.००८६६५. सहा इलेक्ट्रॉन, प्रत्येकी ०.०००५४९. एकूण १२.०९८९. प्रत्यक्ष शिल्लक १२.००००. तूट ०.०९८९.

पैकाकांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. सहा इलेक्ट्रॉनांचे ०.००३३, आणि तूट त्याच्या तीसपट! इतके दिवस इमारतीचा जिना दणाणून सोडला तो चिल्लरीसाठी, आणि इथे गल्लाच हलका.

मग भाच्यानं युरेनियम मांडलं. ब्याण्णव प्रोटॉन, एकशे सेहेचाळीस न्यूट्रॉन, ब्याण्णव इलेक्ट्रॉन, सुटे सुटे तोलले तर २३९.९८ भरायला हवेत. भरतात २३८.०५. तूट १.९३. प्रोटॉन-न्यूट्रॉन एकापेक्षा किंचित जड असतात, त्या जादा वजनाची बेरीज १.९३. तूटही तेवढीच. एक वर, एक खाली, दोन्ही एकमेकांच्या आड. बाहेर उरले ०.०५, आणि ते योगायोगानं इलेक्ट्रॉनांच्या वजनाशी जुळले.

"अठरा हजार इकडे, अठरा हजार तिकडे," पैकाका पुटपुटले. मार्चअखेरीची ती पहाट त्यांच्या चेहऱ्यावर आली.

"पण गेले कुठे?" त्यांनी विचारलं.

"ऊर्जा होऊन बाहेर गेले," भाचा म्हणाला. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन केंद्रकात एकत्र बांधले जातात तेव्हा ऊर्जा बाहेर पडते, आणि जाताना ती आपल्या वाट्याचं वस्तुमान घेऊन जाते. आइनस्टाइनच्या समीकरणानं तिचा हिशेब करता येतो. केंद्रक पुन्हा फोडून सुटं करायचं, तर तेवढीच ऊर्जा परत भरावी लागते. जितकी तूट तितकी ऊर्जा, कमी नाही, जास्त नाही.

"म्हणजे व्हाउचर आहे!" पैकाका म्हणाले. आयुष्यात इतकी मोठी तूट त्यांनी इतक्या आनंदानं पास केली नसेल.

भाचा रंगात आला. त्यानं ॲस्टनची गोष्ट काढली. केंब्रिजलाच, १९१९ साली फ्रान्सिस ॲस्टननं अणू तोलणारं यंत्र बांधलं आणि १९२२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्याला दिसलं, की ऑक्सिजन सोळा धरला तर बाकीच्या अणूंची वजनं हजारात एकापर्यंत पूर्णांकच येतात. एकटा हायड्रोजन तेवढा जुळत नाही: १.००८. वरचे ०.००८ कुणीही सस्पेन्सला टाकले असते. पण १९२० साली एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञानं तेवढ्यावर बोट ठेवलं: चार हायड्रोजन मिळून एक हेलियम होत असेल, तर हे वरचे गेले कुठे? हजारात सात भाग वजन कमी भरतं. सूर्य तेवढ्यावर चालत असेल, असं त्यानं सुचवलं, आणि ते खरं निघालं.

पैकाका खिडकीपाशी गेले आणि त्यांनी सूर्याकडे, एका खात्यातल्या माणसानं दुसऱ्या खात्यातल्या माणसाकडे बघावं, तसं बघितलं.

"आणि आमचा इलेक्ट्रॉन?" ते म्हणाले. मोठ्या रकमेचा निकाल लागला, तरी ते मूळ अर्ज विसरले नव्हते. "त्याला वजनाच्या रजिस्टरात तरी धरता की नाही?"

"धरतो म्हणजे काय! ही सगळी वजनं ज्या मापानं करतात, ते माप १९६१ साली ठरलं: कार्बन-१२ चा आख्खा अणू, सहाही इलेक्ट्रॉनांसकट, बरोबर बारा. आणि आमच्या यंत्रात तर त्याला विसरून चालतच नाही. रेणूवर विद्युतभार यावा म्हणून आम्ही बहुतेक वेळा त्याला एक प्रोटॉन चिकटवतो. नवीन आलेली पोरं तिथे प्रोटॉनऐवजी आख्ख्या हायड्रोजनचं वजन मिळवतात. फरक एका इलेक्ट्रॉनचा. पाचशे वजनाच्या रेणूत दहा लाखांत एक भाग. पण चांगल्या यंत्रावर तो दिसतो, आणि मी रिपोर्ट परत पाठवतो."

"परत पाठवता?"

"लाल पेनानं."

पैकाकांनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंकडे ते लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा इतक्या मायेनं बघत नाहीत. भाच्यानं आणखी सांगितलं, की २०१४ साली हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी फक्त एकच इलेक्ट्रॉन उरलेला कार्बनचा अणू चुंबकीय सापळ्यात धरून त्या इलेक्ट्रॉनचं वजन दहा आकड्यांपर्यंत पक्कं केलं. आठवीच्या पुस्तकानं ज्याला नगण्य ठरवलं, त्याच्यासाठी तिकडे माणसं वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बसली होती. पैकाका म्हणाले, "मार्चअखेर करतात ते. बाराही महिने."

हे सगळं तिथेच संपायला हवं होतं. रात्र झाली होती, भाच्याची साडेदहाची बस होती, बॅग दारात भरून ठेवलेली होती. पैकाका वही मिटता मिटता म्हणाले, "म्हणजे हायड्रोजनचा हिशेब सगळ्यात सोपा. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉनची भानगडच नाही. दोघांची बेरीज म्हणजे हायड्रोजनचं वजन. तूट शून्य."

भाच्यानं "हो" म्हणायला हवं होतं. पण तो रिपोर्ट परत पाठवणारा माणूस. "अगदी शून्य नाही," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. "इलेक्ट्रॉनही प्रोटॉनला बांधलेला असतोच ना. तो बांधताना १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. तेवढं वजन कमी होतं. पण ते सात कोटींत एक भाग, काका. आमच्या कामात ते नगण्य."

आतून काकूंच्या हातातली वाटी पडल्याचा आवाज आला.

पैकाका परत खुर्चीवर बसले. वही उघडली. "सात कोटींत एक," ते म्हणाले. "सात कोटींच्या ठेवी असलेल्या बँकेत एक रुपया. हे मला आमचे मॅनेजरही सांगायचे. बसा."

बस गेली. भाचा आमच्याकडेच झोपला. सकाळी साडेसहाला बेल वाजली. पैकाका आंघोळ करून, गंध लावून दारात उभे. हातात पाकीट.

"तुमचं तिकीट माझ्यामुळे वाया गेलं. नऊशे चाळीस रुपये. आणि एका रात्रीचं बचत खात्याच्या दरानं व्याज. ते सात पैसे होतात, म्हणून वर पन्नास पैशांचं नाणं ठेवलंय. त्रेचाळीस पैसे तुमच्याकडून येणे."

भाचा अर्धवट झोपेत होता. सकाळची बस पकडायची घाई होती. पाकीट परत करत तो चांगुलपणानं म्हणाला, "राहू द्या हो काका. एवढं काय, किरकोळ आहे."

तीही बस गेली.